शालेय प्रकल्प विकतचे नकोत, घरी केलेले हवेत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की सांगलीतील स्टेशनरीच्या दुकानांपुढे पालकांची गर्दी होऊ लागते. वह्या-पुस्तकांच्या यादीबरोबर त्यांच्या हातात आणखी एक यादी असते. चकाकीचे कागद, रंगीत कार्डशीट, फोम, तयार फुले, चिकटवायचे मणी आणि वर्षभराच्या प्रकल्पांसाठीचे तयार संच असे सगळे तिच्यात असते. मी विश्रामबागेत राहणारी गृहिणी आहे, दोन शाळकरी मुलांची आई आहे. शिवण-टिपण, रद्दीतून उपयोगाची वस्तू करणे आणि घरातल्या जिन्नसांतून मुलांचा खाऊ करणे हा माझ्या घरचा रोजचा व्यवहार आहे. त्या अनुभवाच्या बळावर सांगली-मिरजेतील शाळांना माझी एक विनंती आहे. कार्यानुभवासाठी आणि प्रकल्पांसाठी साहित्य विकत आणण्याची अपेक्षा शाळांनी सोडून द्यावी, मुलांनी घरातल्या वस्तूंतून आई-वडील किंवा आजी-आजोबांच्या सोबतीने केलेले काम स्वीकारावे आणि गुण देताना वस्तूच्या चकाकीपेक्षा ती कशी केली हे मुलांना विचारावे.

ही विनंती करण्याचे कारण सांगते. आमच्या मुलीला गेल्या वर्षी ऊर्जेच्या धड्यावर प्रतिकृती करायची होती. आजोळी जाताना ढालगावच्या परिसरातील पवनचक्क्या तिने अनेकदा पाहिल्या आहेत, त्यामुळे तिने पवनचक्कीच निवडली. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याची पाती, संपलेल्या बॉलपेनची नळी, सायकलचा जुना स्पोक आणि खाली वजनासाठी वाळू भरलेला डबा एवढ्यावर तिची पवनचक्की उभी राहिली. पाती सपाट ठेवली तर ती फिरत नाहीत, सगळी एकाच बाजूला थोडी तिरकी केली तरच फिरतात, हे पंख्यासमोर धरून पाहताना तिचे तिलाच उमगले. शाळेतल्या मांडणीत मात्र पुढच्या रांगेत दुकानातून आणलेल्या थर्माकोलच्या प्रतिकृती होत्या. त्या न फिरणाऱ्या होत्या आणि त्यांवर मुलांची नावे तेवढी चिकटवली होती. वास्तविक सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. शाळेला दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. एका वर्गात साठ-सत्तर मुले असतील तर बाईंना प्रत्येकाशी बोलायला सवड मिळत नाही, हे मलाही कळते. पण मुले फार बारकाईने पाहत असतात. विकतच्या वस्तूला पुढची जागा मिळते एवढे त्यांनी एकदा पाहिले, की पुढच्या वर्षी ती आईला कात्री मागत नाहीत, वडिलांकडे पैसे मागतात.

शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात आमच्या घरी पहिले काम असते ते वह्यांचे. मागच्या वर्षीच्या जवळजवळ प्रत्येक वहीत शेवटची काही पाने कोरी राहिलेली असतात. ती रद्दीवाल्याला देणे मला पटत नाही. मधल्या पिना काढून कोरी पाने जोडीजोडीने सोडवायची, सारख्या आकाराची एकत्र करायची आणि पंधरा-सोळा जोड्यांपेक्षा जास्त पाने एका गठ्ठ्यात घ्यायची नाहीत, कारण गठ्ठा जाड झाला की मधली पाने कडेने बाहेर येतात. घडीच्या रेषेवर दाभणाने तीन भोके पाडायची, एक मध्ये आणि दोन टोकांकडे. जाड दोरा मेणबत्तीवर ओढून घेतला की तो निसटत नाही आणि भोकात झिजतही नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत घ्यायची, तिथून मधले भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर न्यायची आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणून, आत पसरलेल्या लांब टाक्याच्या दोन्ही अंगांना दोऱ्याची दोन टोके घेऊन गाठ मारायची. सहावीतला मुलगा हे काम आता कोणाच्या मदतीशिवाय करतो. लग्नपत्रिकांचे जाड कागद वरच्या पुठ्ठ्याला चालतात. अशी कच्ची वही गणितासाठी वर्षभर पुरते.

पुस्तकांना कव्हरे घालायला भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरची पाने वापरण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. तो कागद तुळतुळीत आणि चिवट असतो, छापलेली बाजू आत गेली की बाहेर पांढरी बाजू नाव लिहायला मिळते. काही शाळा आता विशिष्ट रंगाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरांचा आग्रह धरतात. पावसाळ्यात पुस्तके भिजतात हे त्यांचे कारण खरे आहे, परंतु त्यावर जाड कापडाचे दप्तर आणि त्याला आतून जुन्या छत्रीच्या कापडाचे अस्तर हा उपाय जास्त टिकतो. मोडकी छत्री दुरुस्त होणार नाही असे छत्रीवाल्याने सांगितले, की तिचे कापड मी उसवून धुऊन ठेवते. वडिलांच्या विरलेल्या जीनच्या पायांतून डब्याची पिशवी होते, कारण ते कापड गुडघ्यावर विरले तरी मांडीच्या भागात शाबूत असते.

प्रकल्प म्हटले की महाग आणि मोठे काही लागते, हा समज दूर व्हावा म्हणून सांगलीच्याच एका जिनसाचे उदाहरण देते. आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची रीत दूरदूरपर्यंत माहीत आहे, आणि तरीही या जिल्ह्यातील मुले आम्ल आणि अल्काची ओळख करून घेण्यासाठी बाजारातून लिटमस कागद आणतात. एक चमचा हळद थोड्या गरम पाण्यात चांगली ढवळावी, जाडसर पांढऱ्या कागदाला तिचा हात द्यावा आणि कागद सावलीत वाळवावा. मग कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर लिहिले, की पिवळ्या कागदावर तांबडी अक्षरे उमटतात, आणि त्यांवर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी होऊन दिसेनाशी होतात. हळद आणि चुन्यापासून तांबडे कुंकू कसे तयार होते, याचे उत्तर मुलांना त्याच बैठकीत मिळते. हा प्रयोग आम्ही शेजारच्या मुलांना जमवून केला, तेव्हा चौथीतल्या मुलीने आपणहून ताक, चहा, खायचा सोडा आणि टूथपेस्ट आणून एकेका कागदावर लावून पाहिले आणि कशाने रंग बदलला, कशाने नाही, याचा तक्ता केला. तो तक्ता म्हणजेच प्रकल्प, असे मला वाटते.

खाऊच्या बाबतीतही असेच आहे. मधल्या सुट्टीत मुले पाकिटबंद कुरकुरीत पदार्थ मागतात, आणि भडंगाच्या गावात त्यासाठी रोज पैसे मोजले जातात याचे मला वाईट वाटते. भडंग मुलांना करता येते, एवढेच नव्हे तर ते मुलांकडूनच करून घ्यावे. अर्धा किलो भडंगाचे चुरमुरे आधी कडक उन्हात तासभर ठेवावेत. पावसाळ्यात ऊन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर कोरडेच परतावेत, कारण ओलसर चुरमुऱ्यांचे भडंग दुसऱ्या दिवशी वातड होते. पाऊण वाटी तेलात वाटीभर शेंगदाणे तळून बाजूला काढावेत, त्याच तेलात मोहरी, कढीपत्ता आणि सालासकट ठेचलेल्या पंधरा-वीस लसूण पाकळ्या घालून लसूण बदामी आणि कडक होऊ द्यावा. लसूण मऊ राहिला तर त्याचा ओलावा चुरमुऱ्यांत उतरतो. मग गॅस बंद करून, तेलाचा ताव थोडा उतरल्यावर हळद, तिखट आणि मीठ घालावे, नाहीतर तिखट जळते आणि सगळ्याला कडवट वास लागतो. शेवटी चुरमुरे, शेंगदाणे, दोन चमचे मेतकूट आणि चवीपुरती पिठीसाखर घालून मोठ्या पातेल्यात खालवर करावे. कढईजवळचे काम आईने किंवा वडिलांनी करावे. लसूण ठेचणे, चुरमुरे चाळणे, मेतकूट मोजणे आणि डबे भरणे ही कामे मुलांची. उरलेल्या चपात्यांचा गूळ-तूप घालून केलेला लाडू, शिळ्या भाकरीचा फोडणीचा कुस्करा, हे सांगलीकरांना मी सांगायला नको.

द्राक्षांचा हंगाम संपत येतो तेव्हा बाजारात घडापासून सुटलेले मणी स्वस्त मिळतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये मानांकन मिळाले असले, तरी बेदाणा कसा होतो हे शहरातल्या मुलांना माहीत नसते. द्राक्षाच्या सालीवर मेणचट थर असतो आणि तो आतले पाणी लवकर बाहेर पडू देत नाही. म्हणून शेतकरी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात. घरी तसे काही करायची गरज नाही. चांगले धुतलेले आणि फुटके वेगळे काढलेले मणी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात काढले की तो थर तडकतो. मग पातळ कापडाखाली गच्चीवर वाळवायचे आणि रात्री आत घ्यायचे. रंग बाजारासारखा हिरवा-पिवळा येत नाही, तपकिरी येतो, पण चव उत्तम असते. चार किलो द्राक्षांतून साधारण किलोभरच बेदाणा हाती लागतो, हे मुलांनी स्वतः तराजूवर मोजून पाहिले, की तासगावच्या बाजारातल्या बेदाण्याला तो भाव का, हे त्यांना कळते. शिवाय त्यांनी वाळवलेला बेदाणा घरातल्या शिऱ्यात पडतो, तेव्हा ती मुले आणखी कुठल्या मिठाईसाठी हट्ट धरत नाहीत.

या सगळ्यांत माझ्या सर्वाधिक जिव्हाळ्याची वस्तू म्हणजे वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी. माझ्या सासूबाई आजही दर उन्हाळ्यात एक तरी वाकळ घालतात. वर आणि खाली चांगल्या स्थितीतली सुती लुगडी आणि मध्ये विरलेले धोतर, जुन्या चादरी, मुलांचे लहान झालेले सदरे उसवून लावलेले थर. पहिले काम जमिनीवर होते. सगळे थर एकावर एक अंथरून मुलांना चारी कोपऱ्यांवर बसवायचे, सुरकुत्या हाताने मधून कडेकडे सारत न्यायच्या आणि मगच लांब लांब कच्चे टाके घालायचे. हे कच्चे टाके चुकले तर वाकळ पुढे कितीही नीट शिवली तरी एका अंगाने फुगते. त्यानंतर कडेपासून बोटभर अंतर सोडत धावदोऱ्याच्या ओळी आत आत येतात. सासूबाईंना हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून आमची मुलगी त्यांच्या शेजारी बसून दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते आणि त्या बदल्यात आजीकडून एक ओळ शिवायला मागून घेते. तिची ओळ वाकडी जाते, टाके लांब पडतात. सासूबाई ते उसवत नाहीत. कोणत्या उन्हाळ्यात कोणी शिवले ते ओळखू येते, असे त्या म्हणतात.

वाकळेला केवळ आठवणींसाठी महत्त्व आहे असे कोणी समजू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर गावभागातील कितीतरी घरांतून भिजलेल्या गाद्या रस्त्यावर आणून टाकाव्या लागल्या, कारण कापूस एकदा आतपर्यंत भिजला की तो वाळत नाही, कुजतो आणि त्याला घाण वास येतो. सुती वाकळ मात्र दगडावर आपटून धुता येते आणि चांगल्या उन्हात एक-दोन दिवसांत खडखडीत वाळते. कृष्णाकाठच्या घरांसाठी हे अंथरूण-पांघरूण किती सोयीचे आहे, हे त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी पाहिले. कापड पेठेत ताग्यांचे शेवटचे तुकडे कमी दरात मिळतात, शिंप्यांकडे कतरणीची पोती भरलेली असतात आणि मागितल्यास बहुतेक शिंपी ती आनंदाने देतात. घरातली लुगडी पुरेनाशी झाली, की एवढ्या सामग्रीतूनही वाकळ उभी राहते. मात्र कतरण घेताना सुती आणि सिंथेटिक वेगवेगळे ठेवावे, एकत्र शिवलेले थर धुतल्यावर वेगवेगळे आटतात.

घरी केलेले सगळेच स्वस्त पडते, असा माझा दावा नाही. लोकरीचा स्वेटर हाताने विणायला लागणारी चांगली लोकर बाजारच्या तयार स्वेटरपेक्षा बहुधा महाग पडते. तो विणायचा असेल तर विणण्याच्या गोडीसाठी विणावा, बचतीच्या हिशेबात धरू नये. छंदाच्या नावाखाली ग्लू गन, मणी, रेझिन आणि साचे विकत घेऊन ज्या वस्तू होतात, त्यांना काटकसर म्हणणे मला योग्य वाटत नाही. काही सवयी तर सोडायलाच हव्यात. तळलेले पदार्थ छापील वर्तमानपत्रावर काढणे हे आपल्या घरांत काटकसर म्हणून चालते, परंतु छपाईच्या शाईतील शिशासारखी घातक द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याविरुद्ध स्पष्ट सूचना दिलेल्या आहेत. आपल्या दैनिकाचा अंक वाचून झाल्यावर आमच्या घरी त्याच्या पिशव्या होतात, कपाटांत तो अंथरला जातो, खिडक्यांच्या काचा त्याने पुसल्या जातात, पण स्वयंपाकाच्या ओट्यावर तो येत नाही.

नोकरी करणाऱ्या आयांना हे कसे जमावे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. घरातली सगळी कामे उरकून आईनेच रात्री बारापर्यंत मुलाचा प्रकल्प करत बसावे, असे मी मुळीच म्हणत नाही. किंबहुना तयार संच विकत आणण्याचे एक मोठे कारण हेच आहे, की शाळेची अपेक्षा मोठ्यांच्या हाताच्या सफाईची असते आणि मोठ्यांना वेळ नसतो. मुलाच्या हाताला जेवढे जमेल तेवढेच शाळेने मागितले, तर आईचा भारही कमी होईल आणि रविवारचा एखादा तास पुरेल. तो तास वडिलांनीही द्यावा. आमच्या घरी सायकलचे पंक्चर काढणे, मोडक्या स्टुलाला खिळा मारणे आणि गॅलरीतल्या कुंड्यांसाठी रिकामे तेलाचे डबे कापणे हे मुलांच्या बाबांचे खाते आहे आणि दिवाळीतला किल्लाही तेच मुलांबरोबर करतात. विटांच्या चौकटीवर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकायचे आणि त्यावर मोहरी व हळीव पेरायचे, एवढ्याने चार-पाच दिवसांत हिरवागार डोंगर तयार होतो. त्याला विकतचे काही लागत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून, त्या काळात त्यांनी स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम शिकावे, अशी तरतूद आहे. सांगली-मिरजेइतके यासाठी सोयीचे गाव क्वचितच असेल. मिरजेत भोपळ्यापासून तंबोरा घडवणारे कारागीर आहेत, गावोगावी सुतार, कुंभार आणि शिंपी आहेत. त्यांच्याबरोबरच वाकळ घालणाऱ्या आज्या, वाळवणे करणाऱ्या काकू, जुन्या साड्यांचे पायपुसणे विणणाऱ्या मावश्या यांनाही शाळांनी त्या दहा दिवसांत सन्मानाने बोलवावे. त्यांचे काम फावल्या वेळातला उद्योग म्हणून आजवर कोणी हिशेबात धरले नाही. वर्गात त्या मुलांसमोर बसल्या, त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च आणि थोडे मानधन शाळेने दिले, तर मुलांना त्या कामाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

आपल्यालाही एक विनंती आहे. याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीसारख्या वसाहतीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले आणि घरातल्या बाईच्या विचारांना आणि कामाला छापील पानावर जागा मिळाली. आपल्या दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत जूनपासून आठवड्यातून एकदा वाचकांनी घरी केलेल्या वस्तूंना आणि खाऊला थोडी जागा द्यावी. त्यात नुसती सजवलेली छायाचित्रे नसावीत, तर साहित्य कुठे मिळाले, प्रमाण काय घेतले, किती वेळ लागला, मुलाने कोणते काम केले आणि कोणत्या टप्प्यावर काय बिघडू शकते, हे सगळे असावे, म्हणजे दुसऱ्या घरी ते खरोखर करता येईल. एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गातला घरगुती साहित्याचा प्रकल्प पाठवला तर त्याला अग्रक्रम द्यावा. असे सदर सुरू झाल्यास वहीची शिवण आणि वाकळेचे कच्चे टाके आकृत्यांसह लिहून पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
एक वाचक गृहिणी
विश्रामबाग, सांगली